झनकलाल वृत्तात बसत नाही

घरात लग्न निघालं की बाईच्या जिवाले शंभर घोर असतात. सयपाकी वेळेवर येते का नाही, वारा सुटला तं मांडव राहते का उडते, वऱ्हाडी किती येतीन अन् भाजी पुरते का नाही. डिंपलच्या लग्नात माह्या जिवाले यातला एकही घोर नव्हता. एकच घोर होता, अन् तो सांगितला तं लोक हसतीन. झनकलाल वृत्तात बसत नव्हते.

हे समजायचं तं आंधी आमच्या घरचा माणूस समजून घ्या. सारं सानगडी गाव त्यायले कृष्णरावजी म्हणते, मी डिंपलचे बाबा म्हणते. धानाचा शेतकरी, चार लोकायसारखाच. पण लग्नसराई आली की आमच्या दारात चपलांचा ढीग. कोणी आसगाववरून येते, कोणी त्याच्याही पलीकडून, अन् म्हणते, "कृष्णरावजी, पोरीचं लग्न आहे, मंगलाष्टक लिहून द्या." आता मोबाईलवर तयार मंगलाष्टकं मिळतात म्हणा, पण त्यात घरच्या माणसायची नावं कुठून येतीन? आमच्याकडे मंगलाष्टकाचा जीव नावात असते. आजा, काका, मामा, जवाई, सगळ्यायले त्या ओळीत गुंफायचं, अन् नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता पडून राहिल्या असताना ते माईकवर म्हणायचं. ज्याचं नाव आलं त्याची छाती फुगते. ज्याचं राहिलं तो ताटावरून उठते, अन् मंग पिढीभर तोंड पायत नाही.

यायले हे वेड लावलं शाळेतल्या एका गुरुजीनं. नववीत लघू-गुरू शिकवलं, ते डोक्यातून गेलंच नाही. आखूड अक्षर लघू, लांब अक्षर गुरू, तीन तीन अक्षरांचा एक गण, अन् कोणत्या गणामागं कोणता गण हे ठरलं की झालं वृत्त. मंगलाष्टकाचं वृत्त म्हणजे शार्दूलविक्रीडित. एका ओळीत एकोणीस अक्षरं. बारा झाली की यती, म्हणजे श्वास घ्यायची जागा, मंग उरलेली सात. तुम्ही म्हणाल, शकुंतलाबाई, तुम्हाले हे कसं माहीत? बाप्पा, लग्न होऊन आली तवापासून आयकून राहिली ना मी. लोकायच्या नवऱ्यायले पत्त्यायचा नाद, माह्या नवऱ्याले यमाताराजभानसलगा. रोवण्याच्या दिवसात बाया बांधीत वाकून धान लावून राहिल्या, अन् हे धुऱ्यावर उभे राहून बोटायच्या पेरायवर अक्षरं मोजून राहिले. आमच्या बांधीतलं पाणी शेजाऱ्याच्या बांधीत गेलं तरी यायले पत्ता नाही.

भांडणातही सोडत नाहीत. मीनं म्हटलं, "हजार वेळा सांगितलं, मोटर बंद करत जा," तं म्हणतात, "ही अतिशयोक्ती झाली." मीनं वैतागून म्हटलं, "तुमच्यासारखे तुम्हीच," तं खूश होऊन म्हणतात, "हा अनन्वय अलंकार. चांगला साधला तुले." अशा माणसाशी भांडावं तरी कसं, सांगा.

आता झनकलाल. डिंपलच्या बाबायची मोठी बहीण पार्वताबाई, तिचे ते मालक. माय गेली तेव्हा डिंपलचे बाबा रांगत होते. पार्वताताईनं शाळा सोडली, भावाले कमरेवर घेतलं अन् लहानाचं मोठं केलं. मंग तिचं लग्न शहापूरले झालं. झनकलाल म्हणजे आमच्या घरचे मोठे जवाई. घर पक्कं, हायवेले लागून, अन् आवाज घरापेक्षा पक्का. जवाई दहावा ग्रह असते म्हणतात. आमचा दहावा ग्रह बाकीच्या नऊ ग्रहायच्या आंधी पंगतीत बसते, अन् पहिली पोळी गरम नसली तं ताट सरकवते.

आमच्या अंकुशच्या लग्नात, म्हणजे डिंपलच्या मोठ्या भावाच्या लग्नात, झनकलालच्याच नावावरून आग लागली होती. नाव आहे झनकलाल. झ, न, क हे तीन लघू. मंग ला गुरू, अन् शेवटचा ल पुन्हा लघू. तीन लघू लागोपाठ येतात अशी जागा साऱ्या ओळीत एकच आहे, यतीच्या जरा आंधी. तिथं झनकला एवढं बसते, अन् एक ल उरते. म्हणून डिंपलच्या बाबायनं त्या वेळी लिहिलं, झनकजी. वृत्तात मस्त बसलं. आमचे जवाई मात्र खुर्चीवरून उठले.

"मोठ्या जवायाचं नाव छाटता?" भर मांडवात म्हणाले. "बापानं ठेवलेलं नाव आहे, तुमच्या धुऱ्यावरची बाभूळ नाही."

पार्वताताईचा हात धरला, अन् जेवल्याबिगर गेले. तवापासून ताईचं माहेर बंद. राखी पोस्टानं येते. भाऊबीजेले हे सकाळीच आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दाराकडे पायत बसतात. दुपार झाली की जेवतात अन् वावरात निघून जातात. ताई आता थकली, गुडघे गेले तिचे. एक दिवस हे मले म्हणाले, "शकुंतला, बहीण माह्या दारी न येताच गेली तं?" मी तं तेव्हापासून शहापूरकडून फोन आला की हातचं काम टाकून धावते.

डिंपलचं जमलं, तसं मीनं अंकुशले शहापूरले पाठवलं. म्हटलं, पाय धर, काही कर, पण आत्याले घेऊन ये. झनकलालनं त्याले चहा पाजला अन् निरोप धाडला. "येतो. पण नाव पूर्ण पायजे, सगळ्या नातेवायकायच्या आंधी पायजे, अन् माईकवर पायजे. या वेळी काही चुकलं, तं तुह्या आत्याले त्या गावची वाट पुन्हा दिसणार नाही."

अंकुशनं हे सांगितलं तेव्हा डिंपलचे बाबा खाटेवर बसले होते. नुसती बोटं हलून राहिली. मीनं ओळखलं, मोजून राहिले. अन् कितीही मोजलं तरी तो एक ल उरणारच होता.

मी गप्प बसणारी बाई नाही. दुसऱ्या दिवशी चहा देता देता म्हटलं, "अहो, वृत्तच बदला ना."

"वसंततिलकात बसते," ते म्हणाले. "बरोब्बर बसते. पण अक्षता कोण टाकन? लोकायच्या कानात एकच चाल आहे. चाल बदलली तं हात कधी उचलायचा हेच कोणाले समजणार नाही."

"मंग झानकलाल करा. तुम्हीच म्हणता ना, कवी लोक आखुडाचं लांब करतात."

"झानकलाल बसते," म्हणाले. "पण त्या माणसाचं काय करू? नाव छाटलं तं मांडवातून उठले, नाव बिघडवलं तं कोर्टात जातीन."

दोन दिवस असेच गेले. मंग एका सकाळी तोंड उजळलेलं. म्हणतात, "नाव घालतच नाही. रूपक घालतो. झनकलाल सूर्यासारखे म्हटलं तं उपमा होते, ती लहान. झनकलाल म्हणजे सूर्यच म्हटलं तं रूपक होते. नावापेक्षा रूपक मोठं."

मले हसावं का रडावं समजेना. "त्यायले सूर्य नाही व्हायचं," मीनं म्हटलं, "त्यायले झनकलाल व्हायचं आहे. तुमचं रूपक मांडवात समजन कोणाले? माईकवरून नाव नाही निघालं म्हणजे नाही निघालं, एवढंच ते पायतीन." तोंड पुन्हा उतरलं. उतरलं तं उतरलं, मले काही दया आली नाही. दया करायची वेळ नव्हती.

लग्न जवळ आलं तशी माही भूक गेली. हळद दळताना हात चाले, पण डोकं शहापूरले. शेजारची बेबीबाई म्हणे, "काहून वं, पोरगी जाणार म्हणून रडते का?" मी हाव म्हणे. काय सांगू तिले, का शार्दूलविक्रीडितासाठी रडते म्हणून?

शेवटी एक दिवस यायनं मले दोन ओळी म्हणून दाखवल्या.

माझी डिंपल ही घरातुनि निघे, दाटून येई गळा
आत्याचे पति थोर ते झनकजी, लावून जाती लळा

पहिली ओळ आयकली अन् माहे डोळे भरले. खोटं कायले बोलू, माणूस लिहिते चांगलं. गळा अन् लळा, यमक कसं अलगद जुळलं. पण दुसरी आयकली अन् मीनं पदरानं तोंड पुसलं.

"लळा? झनकलाल लावतात लळा? ही तं अतिशयोक्ती नाही, ही व्याजस्तुती आहे. वरून स्तुती अन् आतून टोचणं."

किती दिवसायनं ते हसले. पण हसता हसताच थांबले. "झनकजीच आहे अजून," म्हणाले.

"अहो, मंग तो एक ल उरते तं उरू द्या ना. झनकलाल म्हणा अन् पुढं चला. एका अक्षरानं कोणाचं काय जाते? कोणाले कळते?"

मीनं जणू शिजत्या भातात खडे टाकायले सांगितले, असं पायलं माह्याकडे. "मले कळते," म्हणाले. "आजवर माही एक ओळ लंगडी नाही. लोक माह्या दारात येतात ते त्याच्यासाठी. यतीच्या जागी श्वास घ्यायचा असते, तिथं मी जास्तीचं अक्षर कोंबू? अन् तेही पोटच्या पोरीच्या लग्नात?"

तेव्हा माह्या तोंडून निघून गेलं. "ओळ लंगडी होईन याची काळजी आहे तुम्हाले. बहीण लंगडत चालते, ते नाही दिसत."

ते उठले. चहा तसाच राहिला. सायकल घेतली अन् वावरात गेले. मीनं बोलायले नको होतं असं काही मले वाटलं नाही. वाटली ती भीती. हा माणूस हट्टी आहे, अन् तो माणूस त्याच्याहून हट्टी, अन् दोघायच्या मधात पार्वताताई.

लग्नाच्या सकाळी कागदाची घडी सदऱ्याच्या खिशात गेली. मीनं विचारलं, "काय लिहिलं?"

"तेच."

"तेच म्हणजे काय?"

मांडवात वाजंत्रीवाले आले होते, तिकडे निघून गेले.

झनकलाल आले. पांढरा झक्क सदरा, हातात गाडीची किल्ली, बसले थेट पहिल्या रांगेत. मागून पार्वताताई उतरली. किती वर्षायनं पायलं तिले मी. पाठीत वाकली होती, पण डोळे तेच, भावाले शोधणारे. मी धावत गेली, म्हटलं, "ताई, चला, घरात चला." तशी ती तिथंच थांबली. हळूच म्हणाली, "घरात नको. आंधी नाव होऊ दे, मंग घरात पाय ठेवजो, असं सांगून आणलं आहे मले." अन् मांडवाच्या खांबाजवळ बायायमध्ये बसली. जन्माचं घर पाठीमागं, अन् ती बाहेर खुर्चीवर, पाहुणीसारखी. असा राग आला मले, पण दात-ओठ खाऊन अक्षतांचं ताट घेतलं.

अंतरपाट धरला. अलीकडे डिंपल, पलीकडे नवरदेव धनंजय. डिंपलच्या बाबायनं माईक घेतला. पहिल्या ओळी देवाच्या, त्या सुरेख झाल्या. आवाज आहे त्यायले. साऱ्या मांडवाचा हात एका वेळी वर जाये, एका वेळी अक्षता पडत. माह्या मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या झाल्या होत्या. मी नवरीकडे पायतच नव्हती. कधी झनकलालच्या तोंडाकडे पाये, कधी खांबाकडे.

"माझी डिंपल ही घरातुनि निघे, दाटून येई गळा..."

बाया रडायले लागल्या. आता ती ओळ. मीनं डोळे मिटले.

"आत्याचे पति थोर ते झनकला..." इथवर बरोबर आलं. आता यती. सारे हात वर गेले. अन् श्वास घ्यायच्या जागी यायनं श्वास घेतला नाही, तिथं तो ल म्हटला. झनकलाल. पूर्ण. ओळ अडखळली, आवाज फाटला, अन् पुढचं लावून जाती लळा कसंबसं, धापा टाकत पार पडलं. अर्ध्या लोकायच्या अक्षता आंधी पडल्या, अर्ध्यायच्या मागून. वाजंत्रीवाल्यानं मधातच एक टोला हाणला. जन्मात पहिल्यांदा या माणसानं लंगडी ओळ म्हटली होती, अन् ती भोंग्यावरून साऱ्या गावानं आयकली. कान लाल झाले होते त्यायचे. मले इतकी माया आली त्यायच्यावर, सांगता येत नाही. बाकीची नावं घेतली, काका कैलाश, मामा, आजा, सगळी झुळझुळ वाहत गेली. शुभमंगल सावधान झालं, हार पडले. मले वाटलं, सुटलो एकदाचे.

तवा झनकलाल उठले.

"सगळ्यायची नावं गोड," ते म्हणाले. माईक लागतच नाही त्या आवाजाले. "कैलाशचं गोड, मामाचं गोड. माह्याच नावावर अडखळले? माह्याच नावाले दम लागला? साऱ्या गावासमोर माहं नाव असं फेकलं, जसा घशात अडकलेला काटा."

"भाऊजी, तसं नाही," डिंपलचे बाबा माईक हातात घेऊन उभे. "तुमचं नाव पूर्ण घ्यायचं म्हणून मीनं यती मोडली. बारा अक्षरं झाली की थांबावं लागते, तिथं एक जास्तीचं..."

"मले शाळा शिकवू नका. एवढी लग्नं लावली, कुठंच अडखळले नाही, इथंच बरे अडखळले." अन् बायायकडे वळून म्हणाले, "चल वं."

माह्या हातातलं ताट खाली गेलं. ज्या माणसानं आपली सारी अब्रू एका अक्षरावर टाकली, त्याले पदरात हे मिळालं. डिंपलच्या बाबायचं तोंड पांढरं पडलं होतं. माईक तसाच धरून उभे.

पार्वताताई उठली. खांबाले धरून उठली, एक गुडघा सरळ केला, मंग दुसरा. मीनं म्हटलं, गेली. संपलं. ती हळूहळू चालत आली, झनकलालच्या पुढून गेली, अन् थेट भावाजवळ जाऊन उभी राहिली. त्याच्या हातातला माईक तिनं काढून घेतला. जन्मात कधी धरला नव्हता, तोंडाले लावला तसा भोंगा किंचाळला. तिनं जरा दूर धरला.

"नाव घेते," म्हणाली.

बायायमध्ये कोणी तरी फिस्कन हसलं अन् गप्प झालं. नाव नव्या नवऱ्या घेतात. नातवंडं झालेल्या बाईनं, रुसून उभ्या असलेल्या नवऱ्यासमोर, माईकवर नाव घेतलेलं आमच्या गावानं पायलं नव्हतं. ताईनं पदर डोक्यावर ओढला, अन् एका दमात म्हणाली,

"भावाच्या मांडवात पायाले लागला गुलाल,
माहेर माहं सोडत नाही, आयका झनकलाल."

राव नाही, जी नाही. नाव पूर्ण, कुठं छाटलं नाही, कुठं अडखळलं नाही. शार्दूलविक्रीडितात ज्या नावाले जागा नव्हती, ते बायायच्या उखाण्यात आपल्या घरी आल्यासारखं बसलं. डिंपलच्या बाबायचे ओठ हलून राहिले होते, अन् डोळ्यातून पाणी वाहून राहिलं होतं. मंग बेबीबाई मागून म्हणाली, "बरोबर बोलली माय," अन् बाया टाळ्या वाजवायले लागल्या.

झनकलालनं चहूकडे पायलं. जो तो त्यायच्याकडेच पाहून राहिला होता, व्याही, वऱ्हाडी, वाजंत्रीवाले. किल्ली या हातातून त्या हातात गेली. काही तरी बोलणं भागच होतं.

"मीनं कधी म्हटलं सोड म्हणून?" ते म्हणाले.

ताईनं माईक भावाच्या हातात दिला. "मंग तुम्ही बसा पंगतीले," ती म्हणाली. "मी घरात जाऊन येते. किती वर्षं झाली, मायचा फोटो पायला नाही."